विचारा तर खरं : रोपवाटिकेतली पोरं आणि त्यांचे वस्ताद

गेल्या अंकात मी आमच्या पिओरियातल्या बेसबॉलच्या मैदानाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. आमच्या घरी सहा उन्हाळे मायनर लीगची मुलं राहून गेली, एवढंच त्यात होतं. त्यावर इतकी पत्रं आली की हा सगळा अंक त्यांनाच द्यायचं ठरवलं. मी मूळची कोल्हापूरची. १९९७ मध्ये ह्यांच्या नोकरीमुळे इलिनॉयमध्ये पिओरियाला आले, आणि तेव्हापासून इथलं मैदान हे माझं अंगण झालंय. मी खेळाडू नाही आणि पत्रकारही नाही. पंचवीस-सव्वीस उन्हाळे बाकड्यावर बसून जे पाहिलं, आणि सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉलच्या मोठ्या क्लबबद्दल जे मनापासून वाचलं, तेवढंच सांगू शकते.

मायनर लीग म्हणजे आपल्या रणजीसारखं काही असतं का? एकाच क्लबचे इतके संघ कशासाठी? (शारीरिक शिक्षण शिक्षक, सांगली)

सर, रणजीचे बहुतेक संघ राज्यांच्या संघटनांचे असतात. इथे मेजर लीगच्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या पातळीच्या, प्रत्येक क्लबखाली अख्खी उतरंड असते, तीच मायनर लीग. कार्डिनल्सचं बघा : अगदी वर सेंट लुईस, त्याखाली मेम्फिस, मग मिझुरीतलं स्प्रिंगफील्ड, मग आमचं पिओरिया, मग फ्लोरिडातलं पाम बीच. मैदान, तिकिटं, पॉपकॉर्न हे सगळं बहुतेक ठिकाणी त्या त्या संघाचे मालक बघतात. मुलगा पिओरिया चीफ्सचा शर्ट घालतो, पण त्याचा करार सेंट लुईसशी असतो, आणि त्याच्या प्रशिक्षकांचा पगारही तिथूनच येतो. २०२१ पासून तीस मोठ्या क्लबांचे प्रत्येकी चार, असे एकशेवीस संघ या साखळीत आहेत.

ही पद्धत मुळात कार्डिनल्सचीच. ब्रँच रिकी नावाचे त्यांचे कारभारी होते. १९२० च्या आसपास क्लबकडे पैसा नव्हता. तयार खेळाडू विकत घेताना श्रीमंत क्लब बोली चढवून ते पळवायचे. तेव्हा रिकींनी ठरवलं की विकत घ्यायचं नाही, आपणच पेरायचं. छोट्या गावांतल्या संघांमध्ये हिस्से घेत घेत १९३० च्या दशकाअखेर त्यांच्या हाताखाली तीसहून जास्त संघ झाले. इथे याला 'फार्म' म्हणतात. मला रोपवाटिका म्हणायला आवडतं, कारण इथून रोप उचलून दुसरीकडे लावायचंच असतं.

मात्र त्या काळी मुलं एका क्लबच्या दावणीला जन्मभर बांधली जायची, हेही सांगायला हवं. १९३८ मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांनी कार्डिनल्सच्या साखळीतली सत्तरहून जास्त मुलं एका फटक्यात मोकळी केली होती.

मावशी, आम्ही नेपरव्हिलहून दोन-अडीच तास गाडी चालवून सामना बघायला येणार आहोत. मैदानावर पंचवीस-तीस मुलं असतात. त्यातला पुढे जाणारा कोण, हे ओळखायचं कसं? (बारावीतला वाचक)

अरे, हे ओळखता आलं असतं तर क्लबांनी त्यावर एवढा पैसा कशाला खर्च केला असता? तरी मी डोळ्यांनी पाहिलेली तीन मुलं सांगते.

पहिला आल्बर्ट पुहोल्स. साल २०००, इथलं जुनं मैदान. डोमिनिकन रिपब्लिकमधून वडिलांबरोबर मिझुरीत आलेला मुलगा. आदल्या वर्षीच्या निवडीत (क्लब दर वर्षी पाळीपाळीने नवी मुलं उचलतात ती) त्याचं नाव तेराव्या फेरीत पुकारलं गेलं होतं, क्रमांक ४०२. म्हणजे त्याच्या आधी चारशे एक मुलं क्लबांना जास्त बरी वाटली. पिओरियात तो तिसऱ्या बेसवर (धावताना गाठायचा थांबा म्हणजे बेस) क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा. १०९ सामन्यांत सरासरी ०.३२४ (म्हणजे तीन खेपांत जवळपास एक यशस्वी फटका, त्याला इथे हिट म्हणतात), होमरन, म्हणजे आपले षटकार, १७, आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीनदा चुकून बाद होणं, चाळिशीच्याही आत. हा शेवटचा आकडा नीट बघ. जोरात मारणारी पोरं पुष्कळ असतात. जोरात मारूनही चुकत नाही असा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा विरळा. चेंडू येईपर्यंत त्याचं डोकं तसूभरही हलायचं नाही. मला तेव्हा या खेळातलं निम्मं कळत नव्हतं, पण ते स्थिर डोकं लक्षात राहिलं, कारण आमच्याकडे तालमीत डाव टाकण्याआधी मल्ल असाच स्थिर व्हायचा. त्याच वर्षी सप्टेंबरात तो मेम्फिसला गेला आणि तेराव्या डावात होमरन मारून त्याने त्यांना लीगचं अजिंक्यपद मिळवून दिलं. पुढच्याच वर्षी तो सेंट लुईसला होता, आणि २०२२ मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर ७०३ होमरन होते.

दुसरा यादिएर मोलिना, २००२, नवीन मैदानाचं पहिलं वर्ष. पोर्तो रिकोचा हा पोरगा चौथ्या फेरीत घेतलेला. बॅटिंगमध्ये डोळे दिपवणारं काही नव्हतं. फक्त आकडे बघणाऱ्याने त्याला ओलांडून पान उलटलं असतं. पण तो कॅचर होता, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, आणि कॅचरची निम्मी कमाई धावफलकावर लागतच नाही. जमिनीवर आपटून आलेला चेंडू तो हाताने पकडायला जायचा नाही. गुडघे टेकून छाती पुढे करायचा आणि चेंडू अंगावर घेऊन पुढ्यात पाडायचा. दर वेळी. बेस रिकामे असले, म्हणजे चेंडू मागे गेला तरी काही बिघडणार नव्हतं, तेव्हासुद्धा. कार्डिनल्सकडे डेव्ह रिकेट्स नावाचे प्रशिक्षक होते, स्वतः जुने कॅचर. मोलिनाची कॅचिंगची घडण त्यांच्या हातची. पुढे मोलिनाने उत्तम क्षेत्ररक्षणाचे नऊ गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवले आणि एकोणीस मोसम एकाच क्लबकडे खेळला.

तिसरा अगदी अलीकडचा, क्विन मॅथ्यूज. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, २०२३ मध्ये चौथ्या फेरीत निवडलेला. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून त्याने टेक्सासविरुद्ध एका सामन्यात १५६ चेंडू टाकले होते. एकट्याने पूर्ण सामना. हल्ली शंभराच्या आसपास पोचलं की पिचरला बाहेर बोलावतात, म्हणून त्यावर बरीच आरडाओरड झाली. मग २०२४ चा एकच मोसम, पाम बीच, पिओरिया, स्प्रिंगफील्ड, मेम्फिस अशा चारही पायऱ्या त्याने चढल्या आणि सगळे मिळून २०२ फलंदाज स्ट्राइकआउट केले. मायनर लीगमध्ये त्या वर्षी इतके कोणाचेच नव्हते. आमच्याकडे तो थोडेच आठवडे होता. मी दोनदा पाहिला. पहिल्या डावात आणि सहाव्या डावात हातातून चेंडू सुटायची जागा तीच.

तर तू येशील तेव्हा धावफलक जरा बाजूला ठेव. तासभर लवकर ये आणि सराव बघ. जो मुलगा कंटाळवाणी गोष्ट शंभराव्या वेळी पहिल्या वेळेसारखी करतो, त्याचं नाव लिहून ठेव.

माझ्या तालमीत दोन पोरं मला तोंडावर विचारतात, "वस्ताद, तुम्ही स्वतः महाराष्ट्र केसरीला कुठं उतरला होता?" तिकडं जे प्रशिक्षक स्वतः वर खेळलेच नाहीत, त्यांचं ऐकतात का? (कुस्ती प्रशिक्षक, कोल्हापूर जिल्हा)

वस्ताद, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर जॉर्ज किसेल या माणसाच्या आयुष्यात आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

किसेल न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यातले, जन्म १९२०. १९४० मध्ये रिकींच्या क्लबने त्यांना खेळाडू म्हणून घेतलं. मेजर लीगचा एकही सामना ते खेळले नाहीत. मध्ये महायुद्ध आलं, नौदलात गेले, परतले, आणि मग खालच्या संघांचे व्यवस्थापक (इथे मुख्य प्रशिक्षकाला व्यवस्थापक म्हणतात), प्रशिक्षक, नवी मुलं हेरणारे निरीक्षक, फिरते शिक्षक असं जे पडेल ते काम करत राहिले. एकाच क्लबमध्ये. २००८ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात मोटार अपघातात गेले तेव्हा वय ८८ होतं आणि क्लबची नोकरी चालूच होती. १९४० ते २००८, मोजून ६९ मोसम. सेंट लुईसच्या मुख्य संघाबरोबर ते काही वर्षं होते, पण जीव खालच्या पोरांत रमायचा.

ते शिकवायचे काय? ज्याला आपण साधं म्हणून सोडून देतो ते. जमिनीलगत आलेल्या चेंडूकडे पाय कसे न्यायचे. एका बेसवरून दुसऱ्या बेसवर जाताना बेसच्या पिशवीचा कुठला कोपरा पायाखाली घ्यायचा. चेंडू आपल्याकडे नसताना कुठे उभं राहायचं. क्लबमध्ये खेळण्याची जी रीत 'कार्डिनल वे' म्हणून ओळखली जाते, तिची वही या माणसाच्या डोक्यात होती. पुढच्या प्रशिक्षकांनी ती कागदावर उतरवली.

एक उदाहरण देते. जो टॉरी हा मोठा खेळाडू, मूळचा कॅचर. वयाच्या तिशीत त्याला तिसऱ्या बेसवर उभं करायचं ठरलं. तिथे चेंडू गोळीसारखा येतो, विचार करायला वेळ नसतो. किसेलनी त्याला आधी मैदानात नेलंच नाही. भिंतीसमोर उभं केलं, हातात चेंडू दिला, आणि फेक, परत येईल तो घे, पाय हलव, पुन्हा फेक. असं रोज. मेजर लीगमध्ये दहा वर्षं काढलेल्या माणसाला, शाळकरी पोरासारखं. टॉरीने ते केलं. १९७१ मध्ये तिसऱ्या बेसवर खेळत त्याने ०.३६३ सरासरीने २३० हिट मारले आणि नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मुलं किसेलचं का ऐकायची, तर ते प्रत्येक गोष्टीचं 'का' सांगायचे आणि पोराच्या आधी मैदानावर हजर असायचे, असं मला वाटतं. तुम्हीसुद्धा पहाटे साडेचारला हौद्यात उतरताच ना?

आता याच क्लबच्या दुसऱ्या एका वस्तादाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९४०, फ्लोरिडातलं डेटोना बीच. तिथल्या कार्डिनल्सच्या छोट्या संघात पेनसिल्व्हेनियातल्या एका पोलिश कामगाराचा एकोणीस वर्षांचा मुलगा डावखुरी पिचिंग करायचा, स्टॅन म्यूझियल. त्या मोसमात १८ सामने जिंकले, ५ हरला. पिचिंग नसेल त्या दिवशी आउटफिल्डला, म्हणजे दूर सीमेकडे, क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा. मोसमाच्या शेवटी शेवटी एक चेंडू पकडायला झेपावला आणि डाव्या खांद्यावर आदळला. पिचरचा हात गेला म्हणजे पोटापाण्याची वाटच बंद. त्यात संसार नवा, पगार तुटपुंजा. खेळ सोडून नोकरी बघावी असं त्याच्या मनात आलं. संघाचे व्यवस्थापक डिकी कर. स्वतः १९१९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेत, शिकागोकडून खेळलेले. त्या मालिकेत सोबतचे काही जण पैसे खाऊन मुद्दाम सामने हरले, पण करांनी प्रामाणिकपणे दोन सामने जिंकून दिले होते. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने म्यूझियल जोडप्याला आपल्या घरात राहायला घेतलं आणि त्याला सांगितलं, तुझी बॅट बघ, तू सोडू नकोस.  म्यूझियलने आपल्या मुलाचं नाव ठेवलं रिचर्ड, करांवरून (डिकी हे रिचर्डचंच लाडकं रूप).

पुढच्या वर्षी म्यूझियल स्प्रिंगफील्डला फक्त फलंदाज म्हणून गेला, ०.३७९. तिथून रोचेस्टर. आणि १७ सप्टेंबर १९४१ ला सेंट लुईसच्या मैदानावर. कारकिर्दीत ३,६३० हिट, त्यातल्या १,८१५ घरच्या मैदानावर आणि १,८१५ बाहेर. मोठा झाल्यावर त्याने कर पतिपत्नींना ह्यूस्टनमध्ये घर घेऊन दिलं. वस्ताद, हे वाचताना मला खासबागेजवळची आपली तालीम आठवते, जिथे खुराकाचे पैसे नसलेल्या पोराला वस्तादाच्या घरचं दूध यायचं.

आणि तोंडावर विचारणाऱ्या तुमच्या त्या दोन पोरांना माइक शिल्टचं नाव सांगा. हा गृहस्थ व्यावसायिक बेसबॉल कधी खेळलाच नाही. २००४ मध्ये कार्डिनल्समध्ये निरीक्षक म्हणून लागला, किसेलच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या हाताखाली शिकला, जॉन्सन सिटी, स्प्रिंगफील्ड, मेम्फिस असे खालचे संघ एकेक करून सांभाळले, आणि २०१८ मध्ये मुख्य संघाचा व्यवस्थापक झाला. २०१९ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम व्यवस्थापक तोच. व्यावसायिक पातळीवर न खेळता हा मान मिळवणारा तो पहिला. क्लब दरवर्षी खेळाडू घडवणाऱ्या एका माणसाला पुरस्कार देतो, तो जॉर्ज किसेल यांच्या नावाचा आहे.

माझा मुलगा कॉलेजात चांगला खेळतो. निवड झाली तर शिक्षण मध्येच सोडून जाईन म्हणतो. ताई, तुम्ही या मुलांना घरात ठेवलंय. खरं काय ते सांगा. (एक आई, न्यू जर्सी)

खरं सांगायचं तर आता परिस्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. मी मुलं ठेवायचे तेव्हा क्लास ए ला, म्हणजे पिओरियाच्या पातळीला, आठवड्याला कमीत कमी २९० डॉलर मिळायचे, तेही मोसम चालू असेल तेवढेच महिने. म्हणून गावातली घरं मुलांना खोली द्यायची. २०२२ पासून राहण्याची सोय क्लबांनी करायची, असा नियम झाला. त्याच वर्षी मुलं खेळाडूंच्या संघटनेत गेली, आणि २०२३ च्या करारात पिओरियाच्या पातळीला वर्षाला किमान २७,३०० डॉलर ठरले, अगदी वर मेम्फिसच्या पातळीला ३५,८००. श्रीमंती नाही, पण रोजची पोटाची काळजी मिटली. पहिल्या फेरीतल्या मुलांना सुरुवातीला मोठी रक्कम मिळते. तेराव्या फेरीतल्याला नाही.

पण तुम्ही आई आहात, म्हणून पैशापलीकडचं सांगते. आमच्याकडे व्हेनेझुएलाचा एक मुलगा दोन महिने होता. वीस वर्षांचा, इन्फिल्डर, म्हणजे बेसजवळचा क्षेत्ररक्षक. वरण-भात त्याला पहिल्याच दिवशी आपला वाटला, घरी तो काळा घेवडा आणि भात खायचा. रात्री सामना संपवून साडेदहाला यायचा, जेवायचा, आणि मग गॅरेजमधून आवाज सुरू व्हायचा. थप्, थप्, थप्. गॅरेजच्या मागच्या काँक्रीटच्या भिंतीवर चेंडू. मी एकदा दार उघडून बघितलं. ग्लव्ह बाजूला ठेवलेला, उघड्या हाताने झेल, आणि पाय सारखे हलते, जमिनीला चिकटलेलेच नाहीत. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? म्हणाला, कोच. त्याला कोणी सांगितलं हे त्याला माहीत नव्हतं. किसेलना जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. मला माहीत होतं. मी दार हळूच लोटलं आणि आत येऊन बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिले.

जुलैत एका सकाळी त्याला लवकर बोलावणं आलं. अकराच्या आत परत आला. त्यांना मोकळं करतात तेव्हा कार्यालयात पाच मिनिटं बोलतात, हात मिळवतात, विमानाचं तिकीट देतात. त्याने बॅग भरली, खोलीतली चादर घडी करून पलंगावर ठेवली, आणि दाराशी वाकून माझ्या पाया पडला. आमचा मुलगा आजीच्या पाया पडताना त्याने पाहिलं होतं. मी त्याला डबा दिला. विमानतळापर्यंत आम्ही कोणी बोललो नाही.

निवड झालेल्यांतले थोडेच वर पोचतात. बाकीच्यांचं असं एका सकाळी संपतं. म्हणून मुलगा पहिल्या काही फेऱ्यांत नसेल तर पदवी पुरी करू द्या, चौथ्या वर्षानंतरही निवड होते. मॅथ्यूज स्टॅनफर्डला चार वर्षं खेळून मगच आला. आणि निवड मधेच झालीच, तर करारात पुढच्या शिक्षणाचा खर्च क्लबने द्यायचं कलम लिहून घेता येतं, ते आधी मागा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. तो गेलाच, तर दर रविवारी फोन करा. आणि सामना कसा झाला हे पहिलं विचारू नका, जेवलास का ते विचारा.

भारतीय मुलं आहेत का या साखळीत? (वाचक, ठाणे)

कार्डिनल्सकडचं मला आठवत नाही. पण २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकण्याची एक स्पर्धा झाली होती. त्यातून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघं पुढे आले, आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. दोघंही मूळचे भालाफेक करणारे, हातात बेसबॉल पहिल्यांदाच. मेजर लीगपर्यंत कोणी गेलं नाही. रिंकू काही वर्षं टिकला. अमेरिकेत वाढलेली भारतीय घरांतली मुलं आता दिसू लागलीत. टोरंटोच्या क्लबने २०२३ मध्ये अर्जुन निम्मला याला पहिल्या फेरीत घेतलं, त्याचे आईवडील आंध्रकडचे.

नातू नऊ वर्षांचा आहे. आमच्या सोसायटीत मैदान नाही, फक्त पार्किंग आहे. तुमचा लेख वाचून तो बेसबॉल म्हणतोय. मी आजोबा काय करून घेऊ? (सेवानिवृत्त वाचक, पुणे)

आजोबा, पार्किंगला भिंत आहे ना, मग झालं. टेनिसचा चेंडू घ्या, ग्लव्ह नको. भिंतीपासून सहा पावलांवर त्याला उभं करा. गुडघे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या, दोन्ही हात पुढे आणि खाली. चेंडू भिंतीवर कमरेच्या उंचीवर मारायचा, एक टप्पा पडून येईल तो दोन्ही हातांनी घ्यायचा. आधी सरळ, मग थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे. सकाळी पन्नास, संध्याकाळी पन्नास, त्याहून जास्त नको, नऊ वर्षांचा हात आहे. जमायला लागलं की एक पाऊल पुढे घ्या. आणि मोजताना तुम्ही त्याच्या हातांकडे बघू नका, पायांकडे बघा.